ठणका

पहाटे तीन वाजता प्रेस्टनमध्ये
आमच्या गल्लीत दोनच गोष्टी जाग्या:
कोपऱ्यावरच्या दुकानाचा फ्रीज
आणि माझी बोटं.

करंगळीच्या पेराने फोनवर लिहिते,
कुणी आहे का?
असतंच कुणीतरी.
ग्रिम्झबीची ग्लेनिस. पेकहॅमची फोलाशाडे.
डेरेक, जो हवेचा दाब सांगतो
आणि आपल्या गुडघ्याने तो दोन तास आधीच सांगितला होता, हेही.

पहिला प्रश्न ठरलेला: आज किती?
दहापैकी.
ग्लेनिस लिहिते सात.
फोलाशाडे सहा, देवाच्या कृपेने.
मी पाच लिहून पुसते, आठ लिहून पुसते.
आमच्या मिरजेत दुखण्याला आकडा नव्हता,
नावं होती.
कळ येते आणि जाते, पाहुणीसारखी.
चमक निघते. ठसठस एका जागी ठाण मांडते.
रग लागते ती कामाने, तिला जरा मान असतो.
आणि ठणका,
ठणका म्हणजे घरातली सगळी झोपलेली असताना
हाडाच्या आत कुणीतरी कांडत बसलंय.

एका रात्री हे सगळं मी त्यांना लिहिलं,
जमेल तसं इंग्रजीत.
चाळीस वर्षं कारखान्यात
बर्फात हात घालून हॅडॉक साफ केलेली ग्लेनिस
म्हणाली, हाच तो.
याचं नावच मला ठाऊक नव्हतं.

तिचा फोन मात्र शहाणा.
तिने ठणका लिहिलं की तो करायचा थँक्स.
आज मनगटात फार थँक्स.
रात्रभर थँक्स, शेवटी उठून चहा केला.
आम्ही हसायचो,
हसताना जबडा धरायचो.

दुसऱ्या ग्रुपवर, घरच्या,
शालनमावशी लिहिते: वांगं सोड, बटाटा वातूळ,
निर्गुडीचा शेक घे, मेथीचे लाडू पाठवू का कुणाबरोबर?
दर गुरुवारच्या पिवळ्या गोळ्यांचं एकदा तिला सांगितलं,
तेव्हापासून तिला वाटतं
मी गुरुवार धरते.
भिशीत सांगूनही झालं तिचं.
तिथे मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकते.
माझी बोटं जुळत नाहीत,
चित्रातली जुळतात.

मार्चमध्ये ग्लेनिसला नवं इंजेक्शन लागू पडलं.
तिने फोटो टाकला:
बीटच्या लोणच्याची बरणी, झाकण शेजारी.
खाली एवढंच, स्वतः उघडली.
तीनशे बारा लाल बदाम.
त्यात एक माझा.
मग फोन उपडा ठेवला
आणि माझी बरणी दाराच्या फटीत अडकवून
फिरवत बसले.

बरी झालेली माणसं निघून जातात.
त्यात वाईट काही नाही.
इस्पितळातून घरी निघताना
शेजारच्या खाटेचा पत्ता कोण घेतं?
एप्रिल, मे, अर्धा जून.
डेरेक दाब सांगत राहिला.
मी आठ लिहायचे. पुसायचे नाही.

काल, तीन वाजून दहा मिनिटांनी,
ग्रिम्झबीहून एकच शब्द:
थँक्स.

नव्या लोकांनी विचारलं, कशाबद्दल, लव्ह?
कुणी फूल टाकलं.
एकाने तर लिहिलं, त्यात काय एवढं.

मला कळलं.
आणि खरं सांगते, कुणाला बोलू नका,
आधी बरं वाटलं.
क्षणभरच. आपल्या दाराची कडी वाजली
की वाटतं तसं.
मग लाज.
तिचं दुखणं त्यानंतर कुठे.

पेराने लिहिलं: कुठल्या सांध्यात गं?
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले,
थांबले,
पुन्हा हलले.
तिची बोटं.